कॉलेजचं नवीन वर्ष, नवीन ध्येयं? थांब, आधी एसटीचं टायमिंग बघ

जून संपत आला की कोल्हापुरात महाद्वार रोडला छत्र्या, रेनकोट आणि लाँगबुका सगळं एकदमच विकायला येतं. मी बीएस्सी वनला गेलो तेव्हा मी पण २०० पानी लाँगबुक घेतलेली, पहिल्या पानावर मधोमध श्री, खाली लाल पेननं 'या वर्षी काय करायचं' आणि त्याखाली १४ मुद्दे. रोज पहाटे पाचला उठणे, ८० टक्के, इंग्लिश फाडफाड, जिम, एनसीसी, गिटार (गिटार आख्ख्या गल्लीत कुणाकडं नव्हती), मोबाईल कमी, एमपीएससीचा पाया आणि असंच कायबाय. दुसऱ्या पानावर स्केचपेननं रंगीत टाइमटेबल. तिसऱ्या पानापासनं केमिस्ट्रीच्या नोट्स, त्या पण सप्टेंबरपर्यंतच. वर्ष संपलं तेव्हा १४ मधलं एक पण झालं नव्हतं आणि वर मॅथ्सला एटीकेटी. ती वही अजून घरात आहे, आई त्यात डेअरीचा हिशेब लिहिते, आणि तिची पानं माझ्यापेक्षा लई रेग्युलर आहेत.

यंदा मामाचा पोरगा बीएस्सीला लागलाय, बारक्या म्हणतो आम्ही त्याला. परवा आला आणि म्हणाला, दादा काय काय ठरवू सांग की, तू तर सगळं करून बसलायस. करून नाही, चुकून बसलोय म्हटलं. त्याला जे सांगितलं तेच इथं जरा इस्कटून लिहितोय.

पहिलं काम म्हणजे ध्येयबिय काय लिहायचंच नाही. आधी एक कागद घे आणि तुझा आठवडा मांड. आठवड्याचे तास १६८, सगळ्यांना तेवढेच. माझा फर्स्ट इयरचा आठवडा आत्ता मांडला तर असा दिसतो: झोप साडेसात तास म्हणजे आठवड्याचे साडेबावन्न. मी राधानगरी साइडच्या गावातनं यायचो, घरातनं निघून रंकाळा स्टँडला उतरेपर्यंत दीड तास आणि परत जाताना दीड, सहा दिवसांचे झाले १८. कॉलेज आणि प्रॅक्टिकल मिळून रोज पाच तास, म्हणजे ३०. सकाळी म्हशीची धार, वैरण, डेअरीला दूध घालणं यात दीड तास, त्याला रविवारची सुट्टी नसते, म्हणजे साडेदहा. अंघोळ, जेवण, चहा, इकडंतिकडं रोज अडीच तास, साडेसतरा. बेरीज केली तर १२८.५ तास, राहिले ३९.५. हे बघून बारक्या एकदम खुश झाला, ३९ तास म्हणजे भरपूर झाले की दादा. मग त्याला मोबाईलच्या सेटिंगमध्ये जाऊन डिजिटल वेलबीइंग उघडायला लावलं, मोबाईल किती वेळ बघितला ते तिथं दिसतं. रोजचे चार तास. चार गुणिले सात, २८ गेले. उरले साडेअकरा. आणि मी साडेअकरा तासांत १४ ध्येयं बसवायला निघालो होतो.

आता मोबाईल सोड असं मी सांगणार नाही कारण कोण सोडत नाही, मी पण नाही सोडला. पण तो आकडा कागदावर असायला पायजे. तू राजारामपुरीत नाहीतर शाहूपुरीत राहत असशील, प्रवासाचे तास वाचत असतील, तर तुझी बेरीज वेगळी येईल. हॉस्टेलवर असशील तर आणखी वेगळी, तिथं रात्री साडेदहानंतर रूममध्ये जी मैफल बसते तिचे तास प्रामाणिकपणे लिही. पार्टटाइम काम करत असशील, गुजरीत सोन्याचांदीच्या दुकानात नाहीतर एखाद्या मेडिकलमध्ये, तर ते पण. कागद खोटा लिहिला तर पुढचं सगळं वाया.

मग त्या उरलेल्या तासांत किती ध्येयं बसतात? माझ्या मते तीन. चौथं सुचलं तर मागच्या पानावर लिहून ठेवायचं, दिवाळीनंतर बघायचं. पोरं मला म्हणतात तीन म्हणजे लईच कमी, लोक काय काय करतात. करू देत की. तीनमधलं एक अभ्यासाचं असू दे कारण फी त्यासाठीच भरलीय, एक असं जे कॉलेज संपल्यावर पण कामाला येईल, पोहणं असेल, एक्सेल असेल, चारचौघात उभं राहून पाच मिनिटं बोलणं असेल, आणि तिसरं तुझ्या मर्जीचं. कुणाला सांगायची लाज वाटेल असलं पण चालतं. माझ्या एका मित्राचं तिसरं ध्येय होतं की घरात आप्पांशी न भांडता आठवड्यातनं एकदा जेवायचं, आणि त्याला तेच सगळ्यात अवघड गेलं.

इंटरनेटवर ध्येय म्हटलं की लगेच 'स्मार्ट गोल' येतं, पाच इंग्रजी अक्षरांची ती फोड. ती १९८१ साली जॉर्ज डोरन नावाच्या माणसानं कंपनीतल्या मॅनेजर लोकांसाठी लिहिली होती. वाईट नाही, पण मॅनेजरच्या हाताखाली माणसं असतात, तुझ्या हाताखाली तूच. त्यातनं एकच गोष्ट उचल, ध्येय मोजता यायला पायजे. 'इंग्लिश सुधारणे' मोजता येत नाही. 'आठवड्यातनं दोनदा, दहा मिनिटं, इंग्लिशमध्ये मोठ्यानं वाचणे' मोजता येतं, झालं का नाही ते रविवारी कळतं.

आणि रिझल्टला ध्येय करू नको. ८० टक्के हे तुझ्या हातात पूर्ण नसतं, पेपर काढणारा आहे, तपासणारा आहे, त्या दिवशी तुला ताप पण येऊ शकतो. ८० टक्के पडायचे असतील तर मंगळवारी सव्वाचारला तू कुठं बसलेला असशील, ते लिही. हे ऐकायला फालतू वाटतं पण यावर बराच अभ्यास झालाय, पीटर गॉलविट्झर नावाचे मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी १९९९ मध्ये यावर रिसर्च पेपर लिहिला, त्याचा गाभा एवढाच की नुसतं 'मी हे करणार' म्हणणाऱ्यापेक्षा 'अमुक झालं की मी तमुक करणार' असं आधीच ठरवून ठेवणाऱ्याचं काम जास्त वेळा पार पडतं. कारण ऐनवेळी विचार करायला लागत नाही, आणि ऐनवेळी विचार केला की आपण कट्ट्याकडंच वळतो हे तुला पण माहिताय मला पण माहिताय.

म्हणून ध्येय असं लिही: 'शेवटचं लेक्चर सुटलं की कँटीनच्या आधी लायब्ररी, ४५ मिनिटं, त्यात मॅथ्सची तीन गणितं.' कँटीनच्या आधी हे महत्त्वाचं, कँटीननंतर कोण जात नाही. 'लेक्चर ऑफ पडलं तर पहिली २० मिनिटं प्रॅक्टिकलचं जर्नल, मग कट्टा.' कट्टा काढून टाकायचा नाही बरं का, कट्ट्यावर जे कळतं ते नोटीस बोर्डवर येत नाही. कॉलेजच्या लायब्ररीत जागा मिळत नसेल तर गावात करवीर नगर वाचन मंदिर आहे, १८५० पासनंची संस्था. घरात सहा माणसं आणि चालू टीव्ही असेल तर असली बाहेरची जागा सोन्यासारखी. चौकशी करून ठेव.

माझी स्वतःची सगळ्यात चाललेली सवय बसमधली आहे आणि ती अपघातानंच लागली. राधानगरी रोडला बस एवढी हलायची की वाचलं की मळमळायचं. सेकंड इयरला एकदा मी नुसता खिडकीला डोकं लावून बसलेलो आणि आज काय शिकवलं ते आठवत होतो, ऑरगॅनिकची एक रिअॅक्शन, ती मधेच अडकली, तिसरी स्टेप काय ते आठवेचना. मग हाताच्या तळव्यावर बॉलपेननं जेवढं येतंय तेवढं लिहिलं आणि जिथं अडकलो तिथं प्रश्नचिन्ह. घरी गेल्यावर वही उघडून फक्त ते प्रश्नचिन्ह बघितलं, पाच मिनिटांचं काम. तेव्हापासनं स्टँडवरनं बस सुटली की वाटेतलं हळदी गाव येईपर्यंत आठवायचं, अडकलेलं तळव्यावर लिहायचं, नंतर झोपायचं नाहीतर गाणी. आई म्हणायची हात धुवून जेव की रं, काय शाई फासतोस. नंतर कळलं की याला पण शास्त्र आहे, रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी २००६ साली पोरांवर प्रयोग केलेला, काही जणांनी धडा परत परत वाचला आणि काही जणांनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढं होते, आठवड्यानं विचारलं तर आठवून लिहिणारे पुढं. परीक्षा पाच मिनिटांनी नसते. त्यामुळं अभ्यासाचं ध्येय लिहिताना 'वाचणे' हा शब्दच टाळ, 'न बघता लिहिणे' असं लिही.

आता कॅलेंडर. इथं सगळ्यांची गाडी पंक्चर होते. आपण संकल्प करतो तो जणू वर्षातले सगळे आठवडे सारखेच असल्यासारखा, आणि कोल्हापुरात तरी तसं नाही. जुलै-ऑगस्टला पाऊस, पंचगंगा राजाराम बंधाऱ्याला ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ ला धोका, व्हॉट्सअॅपवर दर तासाला फुटाचे आकडे पडायला लागतात आणि गावाकडच्या पोरांचं कॉलेज तिथंच थांबतं. मग गणपती, मंडळात असशील तर वर्गणीपासनं विसर्जनापर्यंत तुझे तीन आठवडे गेलेच म्हणून समज. मग नवरात्र, अंबाबाईच्या देवळाभोवती पाय ठेवायला जागा नसते, केएमटीचे, म्हणजे शहरातल्या बसचे, रूट फिरवतात. दसरा, दिवाळी, आणि या सगळ्याला चिकटूनच सेमिस्टरची परीक्षा. पुढच्या सेमला फुटबॉल, शाहू स्टेडियमवर मॅच असली की पेठेतली पोरं वर्गात दिसत नाहीत, मग शिवजयंती, चैत्रात जोतिबा. हे सगळं वगळून जग असं मी म्हणणार नाही, वगळून कोल्हापुरात राहायचं तरी कशाला. पण कॅलेंडर घेऊन पेन्सिलनं हे आठवडे आधीच खोड. सेमिस्टरला शिकवायचे आठवडे साधारण १५, त्यातले तुझे खरे कामाचे निघतात नऊ नाहीतर दहा. ध्येय त्या दहा आठवड्यांचं ठरव. गणपतीच्या आठवड्यात 'रोज दोन तास अभ्यास' लिहिणाऱ्यानं स्वतःलाच टोपी घातलेली असते. त्या आठवड्यात फक्त जर्नल पूर्ण ठेवायचं, बास.

क्रेडिटचं पण एकदा समजून घे, कारण आमच्यावेळी हे नव्हतं आणि बारक्याला कुणीच नीट सांगितलं नव्हतं. नवीन शैक्षणिक धोरणात वर्षाला साधारण ४० ते ४४ क्रेडिट, म्हणजे सेमला वीस-बावीस. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास शिकवणं, प्रॅक्टिकलचं एक म्हणजे ३० तास. तीन वर्षांची डिग्री १२० ते १३२ क्रेडिटला, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. यातनं ध्येयासाठी काय घ्यायचं, तर चार क्रेडिटचा मेजर (मुख्य विषयाचा) पेपर आणि दोन क्रेडिटचा ओपन इलेक्टिव्ह (आवडीनं निवडलेला बाहेरचा विषय) यांना सारखाच वेळ द्यायचा नाही. पोरं दोन क्रेडिटच्या सोप्या पेपरचे प्रोजेक्ट सजवत बसतात आणि चार क्रेडिटचा विषय शेवटच्या आठवड्यात उघडतात. आणि पहिल्या सेमपासनंचे ग्रेड पॉइंट शेवटच्या सीजीपीएत, म्हणजे सगळ्या सेमच्या सरासरीत, धरतात, फर्स्ट इयर म्हणजे मजा हे आता महागात पडतं. एबीसी (अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स) आयडी काढला नसशील तर काढून ठेव, क्रेडिट तिथंच जमा होतात.

एक ध्येय मात्र मी सगळ्यांना जबरदस्तीनं लिहायला लावतो, आणि हे त्या तिनात धरायचं नाही. स्कॉलरशिपचा फॉर्म. राजर्षी शाहू महाराजांच्या नावानं जी शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे तिला घरच्या उत्पन्नाची मर्यादा ८ लाख आहे, म्हणजे आपल्यातले बहुतेक जण बसतात, ती आणि बाकीच्या पण महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर भरायच्या असतात. ज्या गावात महाराजांनी १९०१ ला मराठा बोर्डिंग (पोरांसाठी वसतिगृह) काढलं आणि मग एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहिली, दसरा चौकात उभारलं तरी आजूबाजूला दिसतात, त्या गावातली पोरं फॉर्मची तारीख चुकवतात हे बघून मला खरंच राग येतो. मी पण चुकवली होती, सेकंड इयरला. दाखला होता त्याची मुदत संपलेली, सेतूला गेलो तर सर्व्हर डाऊन, परत गेलो तर लाईन, मग पोर्टल बंद. वडिलांनी काही म्हटलं नाही, ते जास्त लागलं. म्हणून जुलैतच चार गोष्टी हातात घे: उत्पन्नाचा दाखला (मुदत बघून), डोमिसाइल, लागू असेल तर जातीचा दाखला, आणि बँक खातं आधारला जोडलेलं आहे का ते. खातं जोडलेलं नसेल तर मंजूर झालेले पैसे पण खात्यावर येत नाहीत. फॉर्म भरला की काम संपलं असं नाही, कॉलेजनं तो पुढं पाठवला का ते लॉगिन करून पंधरा दिवसांनी बघ.

एमपीएससी, पोलीस भरती, हे प्रत्येकाच्या यादीत असतंच. असू दे. पण 'अधिकारी होणार' हे फर्स्ट इयरचं ध्येय म्हणून लिहू नको, ते लिहिलं की बाकी काय न करता पण भारी वाटायला लागतं. भरतीच करायची असेल तर ग्राउंडला पोरांना १६०० मीटर आणि पोरींना ८०० मीटर पळायला लागतं, मग लिही की सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी सहाला ग्राउंडवर, आणि वेळ वहीत. पहिल्या दिवशी किती मिनिटं लागली ते खोटं न लिहिता.

आता मोडल्यावर काय करायचं. मोडणार हे धरूनच चाल. सेकंड इयरला माझं बरं चाललं होतं, जूनपासनं पाच-सहा आठवडे लायब्ररी, बस, सगळं, आणि मग ऑगस्ट २०१९ चा महापूर आला. शिरोलीला हायवे पाण्यात, एसट्या बंद, आठवडाभर घरात, पुढचे दिवस पाहुण्यांच्या घरातला गाळ काढण्यात. कॉलेज सुरू झाल्यावर मी लायब्ररीत गेलोच नाही. का, तर आता साखळी तुटलीच आहे, दिवाळीनंतर नव्यानं सुरू करू. पूर आठ दिवसांचा होता, मी घालवले अडीच महिने. याचं खापर पुरावर फोडत मी बरेच दिवस हिंडलो.

लंडनच्या फिलिपा लॅली आणि तिच्या सोबतच्यांनी ९६ जणांवर अभ्यास केलेला, सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण कुणाला १८ आणि कुणाला २५४ पर्यंत. म्हणजे 'एकवीस दिवसांत सवय' हे जे रीलवाले सांगतात ते सोडून दे. आणि त्यातच असं पण दिसलं की मधे एखादा दिवस चुकला म्हणून फार काही बिघडत नाही. हे मला २०१९ ला माहीत असतं तर! तर नियम असा ठेव, खंड पडला की परत येताना निम्म्यावर ये. ४५ मिनिटं होती तर २०, तीन गणितं होती तर एक. पहिल्याच दिवशी बुडालेलं सगळं भरून काढायला बसलास की तिसऱ्या दिवशी परत गायब होतोस.

आणि हे कुणाला सांगायचं? ग्रुपवर टाकू नको, स्टेटसला तर नकोच, लोक अंगठा दाखवतात आणि आपल्याला वाटतं झालंच की. एकच माणूस धर, जो तोंडावर बोलेल. मी आणि माझा एक मित्र थर्ड इयर लागेपर्यंत रविवारी संध्याकाळी रंकाळ्याच्या कठड्यावर बसायचो, भेळ यायच्या आधी दोन प्रश्न, आठवड्यात काय झालं आणि काय नाही. दहा मिनिटं. भेळ आली की विषय बंद. तो मला एकदा म्हणाला, भावा तू तीन आठवडे झाले तेच कारण सांगालायस, निदान कारण तरी बदल. त्या आठवड्यात गणितं झाली.

बारक्याचं पान परवा बघितलं. लाँगबुक नाही, डेअरीच्या कार्डाच्या मागं लिहिलंय. एक, प्रॅक्टिकल सुटलं की लायब्ररी, मॅथ्स तीन गणितं, मग वडा. दोन, गुरुवारी पाच वाजता कॉम्प्युटर लॅबमध्ये एक्सेल, तिथल्या सरांना विचारलंय, ते हो म्हणालेत. तीन नंबर लिहून पुढं मोकळं सोडलंय. विचारलं तर म्हणतो, दादा ते गणपती झाल्यावर बघू, यंदा मंडळाचा खजिनदार मी आहे.